लपविलेला अपस्मार

औषधाने रोग हटावा, ही सर्वांचीच अपेक्षा असते. परंतु एका दुखण्यावरची गोळी दुसऱ्या, दबून राहिलेल्या दुखण्याला जागे करू शकते, ही जाणीव आपल्या समाजात अद्याप रुजलेली नाही. अपस्माराच्या, म्हणजेच फेफऱ्याच्या रुग्णांच्या बाबतीत हे अज्ञान जिवावर बेतू शकते.

अंगदुखीवरचे ट्रामाडॉल, जुलाबावर वा लघवीच्या विकारावर दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन व ऑफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके, हिवतापावरील मेफ्लोक्विन, नैराश्यावरील ब्युप्रोपिऑन, ही सारी अशा रुग्णांत आकडीला निमित्त होऊ शकतात. इस्पितळात दिले जाणारे मेरोपेनेम तर व्हॅल्प्रोएट या आकडीरोधक औषधाचे रक्तातील प्रमाणच झपाट्याने घटविते. फार काय, देवघरातला कापूरही लहान मुलाच्या पोटात गेल्यास आकडी आणतो. ही औषधे वाईट नव्हेत. रुग्णाची प्रकृती न पाहता ती देणे वाईट.

ती पाहावी डॉक्टरांनी, हे खरे. पण त्यांना कोणी सांगितले तर ना! मुलीचे लग्न मोडेल, मुलाची नोकरी जाईल, या भयाने आमच्या घरांतून अपस्मार दडवून ठेवला जातो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली विवाहाला अडसर म्हणून घातलेला अपस्माराचा उल्लेख संसदेने १९९९ साली काढून टाकला. गोव्यात नागरी संहिता असल्याने तो कायदा येथे लागू नाही; पण त्या दुरुस्तीमागचे शहाणपण येथेही लागू व्हावयास कोणाची हरकत नसावी.

दुसरा दोष चिठ्ठीवाचून गोळ्या देणाऱ्या औषधविक्रेत्यांचा आणि त्या मागणाऱ्या आपणा सर्वांचा. ट्रामाडॉलला २०१८ साली अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणावे लागले, ते त्याच्या दुरुपयोगामुळेच.

रुग्णांना आमचे सांगणे एवढेच : आपल्या नित्याच्या गोळ्यांची नावे लिहिलेला कागद खिशात बाळगावा. नवे औषध घेण्यापूर्वी, मग ते दातांच्या डॉक्टरांकडचे का असेना, आजार स्पष्ट सांगावा. चालू औषध मनानेच एकाएकी बंद करू नये; तेही आकडीला आमंत्रणच ठरते. आणि आप्तेष्टांनी हा आजार निःसंकोच बोलता येईल, असे घर त्यांना द्यावे. मधुमेह आपण चारचौघांत सांगतो. मग अपस्मारानेच तोंड का लपवावे?