धाप छातीत, कारण पोटात

यकृताच्या जुन्या आजाराने पोट फुगलेल्या माणसाला धाप लागली, की घरचे आधी छातीकडे पाहतात. वाफ दिली जाते, कफाचे औषध आणले जाते. सुईने पोटातले पाणी काढण्याचा विषय निघाला, की ‘एकदा काढले की सारखे काढावे लागते’ म्हणून तो टाळला जातो. ही भीती रुग्णाला महागात पडते.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांना पसरायला जागा मिळते. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते, त्याच्याकडे रक्त नेणाऱ्या शिरेतला दाब वाढतो, मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि पोटात पाणी साठते. हाच जलोदर. पाणी वाढले की श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांचा खालचा भाग दबतो आणि श्वास उथळ होतो. आडवे पडल्यावर त्रास वाढतो, म्हणून रुग्ण उशांना टेकून रात्र काढतो. काहींच्या श्वासपटलातील बारीक छिद्रांतून हे पाणी छातीतही शिरते, बहुधा उजव्या बाजूला.

उलट, उठून बसल्यावर धाप लागत असेल आणि आडवे पडल्यावर बरे वाटत असेल, तर यकृताच्या आजाराने फुप्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्या असण्याची शक्यता असते. हा फरक डॉक्टरांना जरूर सांगावा.

पाणी काढले की श्वासपटल मोकळे होते आणि बहुतेकांना लगेच आराम पडतो. ते पुन्हा भरते हे खरे. पण सुईमुळे नव्हे, मूळ आजारामुळे. काढलेल्या पाण्याचा नमुना तपासणे तितकेच महत्त्वाचे, कारण ताप नसतानाही त्यात जंतुसंसर्ग असू शकतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढल्यास रक्तदाब व मूत्रपिंडे सांभाळण्यासाठी दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात. ते महाग असते. म्हणून ते का लागते आणि किती लागेल, हे डॉक्टरांनी कुटुंबाला आधीच सांगायला हवे. न सांगितलेल्या खर्चातूनही भीती वाढते.

घरच्यांच्या हातात मीठ आहे. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, ही साधारण मर्यादा. पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठही त्यात धरायचे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोस मात्र स्वतःहून बदलू नये आणि अंगदुखीच्या गोळ्याही परस्पर देऊ नयेत.

अशा रुग्णाची धाप वाढली, पोट दुखू लागले, ताप आला किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे डॉक्टरांनी पाणी काढू या म्हटले, तर शंका जरूर विचारा. पण केवळ ऐकीव भीतीपोटी नकार देऊ नका.