आईच्या जिवाला धोका : पण तो ठरवायचा कधी?

गर्भपाताचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या गप्पा चटकन दुसरीकडे वळतात. हा अमेरिकनांचा, त्यांच्या चर्चचा आणि निवडणुकांचा वाद. आपला काय संबंध, असे आपण धरून चालतो. संबंध आहे, आणि तो दाखवणारे उदाहरण थेट बेळगावचे आहे.

सविता हलप्पनवार ही बेळगावची ३१ वर्षांची दंतवैद्य. नवरा इंजिनिअर, संसार आयर्लंडमधल्या गॉलवे शहरात. म्हणजे आपल्यापैकीच एखादे घर म्हणा ना! ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, तिचा गर्भ पडू लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक होते. तिने गर्भपाताची विनंती केली. पण गर्भाचे ठोके चालू होते, आणि आईच्या जिवाला धोका असल्याखेरीज तिथला कायदा परवानगी देत नव्हता. डॉक्टर थांबले. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. देखरेखीत हयगय झाली, असे चौकशीत निघाले. पण कायद्याचा लावला गेलेला अर्थ हेही एक महत्त्वाचे कारण असल्याचे अहवालाने नोंदवले. २५ मे २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने ती बंदी घटनेतून काढून टाकली.

अमेरिकेत सुप्रीम कोर्टाने २४ जून २०२२ रोजी हा प्रश्न राज्यांकडे सोपवला. बंदी घालणारी राज्ये सांगतात, "आईचा जीव वाचवायला मुभा आहेच." मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलीही अट लिहिताना आम्हाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की ती खरी कधी धरायची? "जिवाला धोका" ही हो किंवा नाही अशी अटच नव्हे. तो तासातासाने वाढतो, आणि खात्री पटेपर्यंत उशीर झालेला असतो. टेक्सासमध्ये चुकीचा निर्णय ठरला तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. मग तो आधी रोग्याकडे पाहील की वकिलाला फोन करील? धोका अगदी तत्काळ असण्याची गरज नाही, असे स्पष्ट करणारा कायदा टेक्सासलाच २०२५ मध्ये करावा लागला.

भारताने ही अट वेगळी लिहिली. महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीने चोरून होणाऱ्या गर्भपातांत जाणारे जीव पाहून शिफारस केली, आणि १९७१ चा कायदा झाला. डॉक्टरने सद्‌भावनेने बनवलेले मत त्यात ग्राह्य धरले आहे. आईच्या शारीरिक व मानसिक आरोग्याचाही विचार आहे.

गर्भ हाही जीव आहे असे मनापासून मानणारे आपल्यात आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. मुलगी नको म्हणून केलेले गर्भपात हा तर आपल्याच समाजावरचा डाग. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशात पहिला कायदा करावा लागला तो उगीच नव्हे. पण तो गुन्हा रोखणे वेगळे आणि गर्भ पडत असताना डॉक्टरचे हात बांधणे वेगळे. गर्भपाताच्या विरोधात असलेल्यालाही दुसरी गोष्ट नको असायला हरकत नाही.

आता व्यवहाराचे. नोकरीसाठी राज्य बदलताना किंवा लेकीचे कॉलेज ठरवताना आपण शाळा आणि टॅक्स बघतो, तसा तिथला हा कायदाही बघावा. गर्भारपणात डॉक्टरांना सरळ विचारावे, "मध्येच गर्भ पडू लागला तर इथे काय करता येते?" कंपनीच्या विम्यात परराज्यातल्या उपचाराचा व प्रवासाचा खर्च बसतो का, हे आधीच वाचून ठेवावे. आय.आर.एस. कायदेशीर गर्भपात वैद्यकीय खर्चात धरते, त्यामुळे एच.एस.ए. खात्यातले पैसे त्यासाठी वापरता येतात.

आणि नागरिक झालेल्यांनी राज्याच्या निवडणुकीतही मत द्यावे. हे कायदे आता तिथेच होतात. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. विषय टाळण्यापेक्षा वाद झालेला बरा.