दोष घडणीचा, दंड स्त्रीला

नरडाण्यासारख्या गावात एखाद्या स्त्रीचा गर्भ दुसऱ्यांदा पडला, की त्याचे कारण तिच्या कामात, खाण्यापिण्यात, नाहीतर नशिबात शोधले जाते. ते गर्भाशयाच्या घडणीत असू शकेल, हा विचार पुष्कळदा कोणाच्या मनातही येत नाही.

मुलगी आईच्या पोटात असतानाच दोन नलिका जुळून तिचे गर्भाशय बनते व मधला पडदा विरून जातो. ही क्रिया अपुरी राहिली, तर गर्भाशयात पडदा उरतो, ते दुभंगलेले राहते किंवा एकाच बाजूचे बनते. सर्वसाधारण स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत पाच-सहा, तर गर्भपात झालेल्यांत त्याच्या दुपटीहून अधिक आढळते. पडद्यामुळे गर्भपाताचा, अन्य प्रकारांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा व मूल पायाळू असण्याचा धोका वाढतो. तथापि, यांतील अनेक स्त्रियांना निरोगी मुले होतात, हेही तितकेच खरे.

2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला मोफत तपासणी होते. परंतु ती चौथ्या महिन्यापासूनच्या गर्भवतींसाठी. जिचा गर्भ तिसऱ्या महिन्यातच जातो, ती त्या रांगेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय गर्भ वाढल्यावर गर्भाशयाचा मूळ आकार नीट दिसत नाही. तो पाहावयाचा दोन गर्भारपणांच्या मधल्या काळात. नेमकी तेव्हाच ही स्त्री अभियानाच्या हिशेबाबाहेर असते.

तपासणीचा खर्च एकदाचा असतो. ती न केल्याचा खर्च मात्र प्रत्येक गर्भपातागणिक वाढतो: बुडालेली मजुरी, धुळ्याच्या फेऱ्या, हातउसने पैसे आणि कायमचे माहेरी धाडले जाण्याची भीती. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणूनच तो स्वस्त वाटतो.

निदान म्हणजे शस्त्रक्रियाच, असे नव्हे. पडदा कापल्याने अपत्यप्राप्तीचे प्रमाण वाढल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिसले नाही. गर्भाशयाचे तोंड अकाली उघडू नये म्हणून मुंबईच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनी 1955 मध्ये जगापुढे मांडलेला टाकाही काहींनाच लागतो. परंतु आकार आधी ठाऊक असला, तर देखरेख केव्हा ठेवावयाची व प्रसूती कोठे करावयाची, हे वेळेवर ठरविता येते.

म्हणून दोनदा गर्भ गेलेल्या प्रत्येक स्त्रीची नोंद आशा सेविकेने करावी, धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात तिची मोफत तपासणी व्हावी आणि प्रवासखर्चासह बुडालेली मजुरीही शासनाने द्यावी. जी घडण तिच्या जन्मापूर्वीच ठरली, तिचा जाब तिलाच विचारणे हा अन्याय आहे; आणि तो थांबविणे मुळीच महागडे नाही.