खोलीचे घर व्हायला काय लागते?

चाकण औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी या गावांत एकेका खोलीत चार-पाच पोरे राहतात. नांदेड, परभणी, बुलढाणा, जळगावकडून आलेली, बरीचशी आयटीआय झालेली. भाडे आणि लाइटबिल वाटून भरतात. बाकी सगळे ज्याचे त्याचे. जेवण मेसचे, नाहीतर गाडीवरचे. एक पहिल्या पाळीला, दुसरा नाइटला. ताप आला तर पेज करून द्यायला कोणी नसते. कामगारांच्या राहणीवर या सदरात मी सतत लिहितो. आज एक ठाम सूचना करतो. आठ-दहा जणांनी शेजारशेजारच्या खोल्या मिळून घ्याव्यात, एक चूल आणि एक हिशेबाची वही ठेवावी, आणि मागच्या मोकळ्या जागेत भाजी लावावी.

असे घर आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी गावकीच्या खोल्या चालवल्या. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसपाळीला गेलेल्याच्या जागी अंग टाके. गोव्याच्या माणसांनी धोबीतलावाच्या परिसरात गावोगावचे कूड उभारले, तेही याच रीतीने. माणसे बदलत राहिली तरी खोली गावाची राहिली, म्हणून नव्याने आलेल्याला पहिल्याच रात्री पाठ टेकायला जागा मिळाली.

त्या एकोप्यात एक अन्यायही होता. गिरणी कामगारांची पोटे खानावळी चालवणाऱ्या बायकांनी भरली, आणि पहाटेपासून राबूनही त्या सावकाराच्या कर्जात राहिल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांसाठी बँकांची दारे उघडली. तो इतिहास लक्षात ठेवून चाकणच्या घराचा पहिला नियम असा हवा: स्वयंपाक आणि भांडी पोरांनीच करायची, आळीपाळीने.

दुसरा नियम पवनारकडून घ्यावा. विनोबांनी 1959 मध्ये धाम नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या भगिनी शेती, स्वयंपाक, सफाई स्वतः करतात आणि निर्णय सर्वसंमतीने घेतात. आपल्या पोरांना ब्रह्मचर्याचे व्रत घ्यायचे नाही, पण ही रीत त्यांच्याही कामाची आहे. आठ जणांच्या घरात पाचांनी तिघांवर निर्णय लादला, की ते तिघे महिन्याभरात बॅग भरतात. म्हणून मोठ्या खर्चाला सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबावे.

आता भाजीचे. इथला घरमालक बहुधा शेतकरीच असतो. जमीन वसाहतीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने खोल्या बांधल्या. अनेकांकडे विहीर किंवा बोअर आहे, आणि खोल्यांमागे अर्धा-एक गुंठा पडीक असतो. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. आठ जणांच्या पालेभाजीला तेवढी जागा पुरेशी. भाडेकरू पोरेही शेतकऱ्यांचीच, त्यांना वाफे करायला शिकवावे लागत नाही. मात्र कंत्राटावरच्या कामगाराला सहा महिन्यांनी आपण कुठे असू याची खात्री नसते. तेव्हा लवकर हाती येणारे लावावे. मेथी महिन्याभरात निघते, पालक आणि माठ त्याच्या मागोमाग, कोथिंबीर सव्वा महिन्यात. भाज्या धुतलेल्या पाण्यावर अळू वाढतो, पावसाळ्यात कुंपणावर दोडका आणि घेवडा चढतो. ओला कचरा आणि पालापाचोळा जागेवरच कुजवला तर विकतचे खत फारसे लागत नाही. नाल्याचे पाणी मात्र वाफ्याला कधीच देऊ नये. औद्योगिक पट्ट्यात त्यात काय मिसळले असेल सांगता येत नाही. कांदा-बटाटा पिकवण्याच्या फंदात पडू नये. चाकणचा बाजार त्यासाठीच प्रसिद्ध आहे, तिथून मिळून गोणी आणावी.

ज्या पाळ्यांमुळे आज पार्टनरची तोंडे एकमेकांना दिसत नाहीत, त्याच इथे उपयोगी पडतात. तीन पाळ्यांच्या घरात कोणी ना कोणी जागे असते. नळाचे पाणी भरले जाते, सिलिंडर घेतला जातो, वाफे सुकत नाहीत.

अशी घरे बहुतेक वेळा पैशावरून मोडतात. म्हणून पगार झाला की ठरलेल्या तारखेला वर्गणी, दर रविवारी हिशेब भिंतीवर, आणि डिपॉझिटमध्ये कोणाचे किती ते कागदावर. जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगावे. येणाऱ्याने त्याचा वाटा भरून त्याची जागा घ्यावी. घरमालकाला सगळ्या खोल्यांचे भाडे एका गटाकडून वेळेवर मिळत असेल, तर त्याने मागची जागा आणि पाणी द्यायला हरकत नसावी. कंपन्यांनी सामाजिक निधीतून अशा घरांना मोठी भांडी, गॅसची शेगडी, फ्रिज द्यावा. हे उपकार नव्हेत. पोटभर जेवून आलेल्या माणसाच्या हातून मशीनवर अपघात कमी होतात.

पालेभाजीमुळे खर्च वाचेल, पण थोडाच. खरा आधार वेगळा आहे. वर्गणीतून दरमहा काही रक्कम बाजूला ठेवावी, आणि ज्याचे कंत्राट संपेल त्याला दोन महिने या घरात वर्गणीशिवाय जेवण आणि जागा मिळावी. हातचे काम गेल्यावर गावी परतण्याऐवजी दुसरे काम शोधायला ते दोन महिने पुरतात. हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून मगच भाडेकरारावर सह्या कराव्यात.