फेपरें आणि भूतदया

माकणीसारख्या खेड्यांत एखादें कुत्रें अकस्मात् कोसळून पाय झाडूं लागलें, तोंडास फेस आला, कीं ‘पिसाळलें’ म्हणून लोक धोंडे उचलतात. हा अविचार होय. फेपरें व पिसाळणें हे भिन्न रोग आहेत. निवाडा पशुवैद्यानें करावा, धोंड्यानें नव्हे. अनोळखी कुत्र्यापासून मात्र दूरच राहावें.

घरच्या कुत्र्यास झटका आल्यास तोंडांत हात किंवा पाणी घालूं नये. कांदा, वहाण हुंगवूं नये. आसपासच्या कठीण वस्तु दूर साराव्या व घड्याळ पाहावें. ५ मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास तत्काळ पशुवैद्य गांठावा. १९१२ पासून मनुष्याच्या अपस्मारावर चालत आलेलें फेनोबार्बिटल कुत्र्यांसही देतात. तें आपल्या मनानें एकाएकीं बंद करणें घातक होय.

अंगण राखणाऱ्या मुक्या सोबत्यास नित्य वेळेवर गोळी देणें, हीच खरी भूतदया.