आन्सीचे सरोवर आणि आपली नाग

आल्प्सच्या कुशीतले फ्रान्समधील आन्सी आणि आपले नागपूर यांत साम्य आहे म्हटले तर कुणीही हसेल. पण रचना पाहा. तिथे सरोवरातून त्यू नदी निघते आणि जुन्या वस्तीतून वाहते. इथे नाग अंबाझरीच्या सांडव्यावरून उतरते आणि शहर ओलांडून नंदनवनच्या बाजूने पूर्वेला जाते. फरक आहे तो पाण्याचा. आन्सीचे सरोवर युरोपातल्या निर्मळ सरोवरांत गणले जाते; नागच्या पुलावर आपण नाकाला रुमाल लावतो.

ही निर्मळता केवळ निसर्गाची देणगी नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यास सांडपाण्याने ते सरोवरही नासू लागले होते. १९५७ साली काठच्या गावांनी एकत्र येऊन संघ स्थापला, सरोवराभोवती मलवाहिनी टाकली आणि मैला शुद्धीकरण केंद्राकडे वळवला. एकट्या गावाला हे जमले नसते.

आपल्याकडे तलावाकाठी रोषणाई आणि कारंजी आधी येतात, गटारे मागाहून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नागकाठची घरे पाण्यात गेली, माणसे दगावली. नागच्या शुद्धीकरणासाठी सुमारे १,९२७ कोटींचा प्रकल्प २०२२ मध्ये मंजूर झाला आहे. त्याचे यश काठाच्या सुशोभीकरणावर मोजू नये. नदीत पडणारी किती गटारे बंद झाली, एवढेच विचारावे. कारण ही घाण कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. तिथल्या गावांनी आपले काय बिघडवले आहे?