चौदा माणसं, पाच खोल्या

यंदा मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर, मोदकांच्या टेबलापाशी आणि शेवटी पार्किंगमध्येसुद्धा मला एकच प्रश्न आला : "तुम्ही सगळे अलास्काला जाऊन आलात ना? मग केबिन कुठल्या घेतल्या?" सिएटलला राहणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. जहाज आपल्या गावातूनच सुटतं, आईवडील भारतातून आलेलेच असतात, आणि सगळ्यांनी एकत्र कुठेतरी जायची हौस दर उन्हाळ्यात उफाळून येते. म्हणून यंदाचं हे पान त्याच प्रश्नाला.

आम्ही चौदा जण. आई-बाबा, बाबांची बहीण अक्काआत्या, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं ही सगळी पुण्याची. डॅलसची धाकटी बहीण, तिचा नवरा आणि दीड वर्षाचं बाळ. आणि आम्ही चौघं. गेल्या कोजागिरीच्या सुमारास माझ्या नवऱ्याने एक्सेल उघडलं आणि अर्ध्या तासात जाहीर केलं, "चार केबिन पुरे."

हिशेब त्याच्या परीने बरोबर होता. क्रूझचं भाडं एका खोलीत दोन माणसं धरून लावतात. तिसऱ्या-चौथ्या माणसाला बरंच कमी पडतं, त्यामुळे एका खोलीत जितके जास्त, तितकं माणशी स्वस्त. ही जादाची माणसं झोपतात सोफ्यावर, नाहीतर छतातून खाली येणाऱ्या बर्थवर. आपल्या रेल्वेची वरची बर्थ आठवा. पण खोली असते दीडशे-दोनशे चौरस फुटांची आणि बाथरूम एकच. सकाळी सातला जूनोच्या बंदरावर उतरायचं असताना चार माणसं आणि एक बाथरूम म्हणजे काय, हे वाड्यात वाढलेल्यांना सांगायला नको.

आणि एकट्या माणसाला बहुतेक वेळा दोघांचं भाडं पडतं. हे ऐकल्यावर अक्काआत्या म्हणाली, "आमचे हे जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचंही तिकीट काढायचं का?" आम्ही हसलो, पण नंतर ती हळूच म्हणाली, "मला काय, कुठेही कोपऱ्यात पथारी टाकीन." हे वाक्य आपल्याकडे एकट्या बाईला फार लवकर पाठ होतं. तिला कोणाच्या तरी खोलीतली तिसरी बर्थ द्यायची नाही, तिच्या नावाची खोली हवी, आणि राहायला कोणी आलंच तर ते तिच्या खोलीत येईल, एवढं मी तेव्हाच ठरवलं.

नवऱ्याच्या आराखड्यात आई-बाबांच्या खोलीत आमची दोन्ही मुलं होती. आजी-आजोबांना नातवंडं, आम्हाला शांतता. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे पुण्याच्या रविवार सकाळी, व्हिडिओ कॉलवर त्याने ते सगळ्यांना दाखवलं. बाबा आंघोळीला गेले होते. आई म्हणाली, "मुलं आमच्या खोलीत नकोत."

जिने आजवर नातवंडांना परत पाठवताना डोळे पुसले, तिचं हे वाक्य. दादाला वाटलं, गुडघे दुखत असतील. मग आईने बाथरूमच्या दिशेला एकदा पाहून घेतलं आणि सांगितलं. चार महिने ती रात्री दाराला वरची कडी लावून, खाली पाटाला पाय टेकवून झोपत होती. बाबा रात्री उठतात, पिशवी भरतात, साताऱ्याहून पुण्याला यायची गाडी पकडायची म्हणतात. दिवसा बरे असतात, म्हणून कोणाला बोलली नव्हती. दादा बाणेरला, ती दोघं सहकारनगरला; रविवारी जेवायला येणाऱ्याला हे दिसायचं नाहीच. दादाने कॅमेरा बंद केला आणि बराच वेळ लावला नाही.

एक्सेल बंद झालं. त्यानंतर आम्ही डेक प्लॅन कागदावर छापून घेतला आणि बाबांच्या खोलीपासून सुरुवात केली.

आतली, बिनखिडकीची खोली सगळ्यांत स्वस्त, पण दिवा मालवला की तिथे दुपार आणि मध्यरात्र सारखीच. ज्याला वेळेचा अंदाज सुटत चाललाय त्याला ती नको. बाल्कनी नको, याचं कारण लिहायला नको. म्हणून न उघडणाऱ्या मोठ्या खिडकीची खोली. आई-बाबांना शेजारची नव्हे, तर आतून दार असलेली दुसरी खोली जोडून हवी होती. हा फरक नीट लक्षात ठेवा. शेजारच्या खोल्या म्हणजे नुसती भिंतीला भिंत. आतून दार असलेल्या जोड्या जहाजावर मोजक्या असतात, डेक प्लॅनवर दोन खोल्यांच्या मधे छोटीशी खूण असते आणि त्या लवकर संपतात. आम्ही आठ महिने आधी घेतली. "कुठलीही चालेल, तुम्हीच ठरवा" अशी स्वस्त केबिनही मिळते, पण मोठ्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये.

जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी. सिएटलहून निघालेली जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, मोकळ्या पॅसिफिकमधून जातात, तेव्हा पहिल्याच रात्री हे कळतं. वर आणि खालीही खोल्याच असाव्यात. पोहण्याच्या तलावाखाली झोपलात तर पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढतात. डावी बाजू घ्यावी की उजवी, यावर लोक भांडतात. भांडू नका, हिमनदीसमोर जहाज स्वतःभोवती सावकाश फिरतं.

पुढचं सोपं होतं. आई-बाबांच्या दाराला जोडून मी, नवरा आणि धाकटा. अक्काआत्याच्या खोलीत माझी बारा वर्षांची मुलगी आणि दादाची एकोणीस वर्षांची. एकवीसच्या आतल्या मुलांना आमच्या कंपनीत स्वतंत्र खोली मिळत नव्हती, त्यामुळे "आत्याआजीने आम्हाला ठेवून घेतलं" असं त्या सांगत होत्या आणि आत्या खूश होती. दादा-वहिनी आणि मुलगा एका खोलीत, बहिणीचं कुटुंब पलीकडच्या. दोघांनाही बाल्कनी, आणि मधली फळी उघडून मिळाली. आमचा चिवडा तिथेच संपला. बाळ पाळण्यात झोपलं तरी माणूस म्हणूनच मोजतात, बरं का. जहाजावरची माणसं जीवरक्षक होड्यांतल्या जागांशी बांधलेली असतात, त्यामुळे बर्थ रिकामी दिसली तरी ऐन वेळी कोणाला त्या खोलीत हलवता येईलच असं नाही.

एक जाता जाता. भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो. 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी निशाणाच्या जहाजाला सिएटलला परतण्याआधी परक्या बंदरात थांबावं लागतं, म्हणून बहुतेक जहाजं व्हिक्टोरियाला थांबतात. केबिनच्या आधी हे काम. आणि इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. आईची बंदरावरच काढून घेतली, ती परतताना मिळाली.

सगळी दारं एकसारखी, कॉरिडॉर लांबलचक. भिंती लोखंडी असल्याने चुंबकाचे हूक चिकटतात. मुलांनी बाबांच्या दारावर झेंडूचं खोटं तोरण लावलं. आतून मुठीला मी मुलीचे कथकचे घुंगरू अडकवले. मधलं दार खोली सांभाळणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी उघडून दिलं, ते आम्ही आठवडाभर लावलं नाही.

तिसऱ्या रात्री अडीचला घुंगरू वाजले. बाबा स्वेटर घालून, हातात पिशवी घेऊन उभे होते. बाहेर आकाश पुरतं काळं नव्हतं. मला पाहून ते म्हणाले, "स्वारगेट आलं का?"

मी म्हटलं, "नाही बाबा, अजून कात्रजचा घाट उतरायचाय. बसा तुम्ही, मी उठवते."

"बरं," म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. थोड्या वेळाने झोपले. मी खुर्चीत बसून राहिले. आई त्या सगळ्यात उठली नाही. सकाळी आठला जागी झाली आणि चहा थंड झाला म्हणून माझ्यावर रागावली.

आता दादा आठवड्यातून तीन रात्री सहकारनगरला झोपायला जातो, आणि बाबांना डॉक्टरांकडेही तोच नेतो. घुंगरू आईने परत दिलेच नाहीत. मुलीसाठी नवे मागवलेत.